गॉगल घातला की बरं दिसायचं

माझ्या मोतीबिंदूच्या गोष्टीची सुरुवात एका चुकलेल्या खुणेपासून झाली. आमचा बँड १९९४ ते २००९ चालला आणि ती पंधरा वर्षं मी मागे बसून ड्रम वाजवले. मग नोकऱ्या, मुलं, बदल्या यांत तो आपोआप विझला. गेल्या नोव्हेंबरात सगळ्यांना उमाळा आला आणि एकाच कार्यक्रमापुरतं पुन्हा वाजवायचं ठरलं. आमच्या एका गाण्यात मध्येच सगळे थांबतात. दोन मात्रांची शांतता, मग बेसिस्ट भुवया उचलतो आणि त्या भुवयांवर मी क्रॅश, म्हणजे मोठी झांज, मारतो. तिसऱ्या तालमीत हे दोनदा चुकलं. पहिल्यांदा मी उशिरा आलो, दुसऱ्यांदा आलोच नाही.

“अरे, झोपलास का?” बेसिस्ट म्हणाला. “आणि तो गॉगल काढ आधी. खोलीत कसला गॉगल?”

मी काढला. तर त्याच्या चेहऱ्याच्या जागी दुधाळ ठिपका. त्याच्या मागे ट्यूबलाइट होती, तिच्याभोवती काटेरी वलय. मी गॉगल परत चढवला आणि तो पुन्हा दिसू लागला. मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “गॉगल घातला की मला बरं दिसतं.” सगळे हसले. वाक्य खरं होतं, पण ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

गॉगलची भानगड आधी सांगतो. ड्रमर सगळ्यांच्या मागे, झांजांच्या आड. फोटोत आपली एक कोपर आणि अर्धी काठी येते. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार ऐंशी ओलांडूनही काळ्या चष्म्याशिवाय फारसा दिसत नाही, ते बघून मला वाटायचं की ड्रमरला ओळखू येण्यासाठी एवढा एकच अवयव उरतो. म्हणून मी एव्हिएटर घेतला, मग जाड काळ्या फ्रेमचा, मग निळ्या काचांचा, मग आरशासारख्या काचांचा. बँडच्या काळात लोक मला नावाने कमी आणि ‘तो गॉगलवाला’ म्हणून जास्त ओळखायचे. घरात आज अकरा गॉगल आहेत. बायकोच्या मोजणीत तेरा.

गेली दोनेक वर्षं काय होत होतं, ते आता मागे वळून बघताना लख्ख कळतं. उन्हात बाहेर पडलो की सगळ्यावर साय धरल्यासारखं वाटायचं. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटून पसरायचे. बारीक अक्षर भर उजेडात वाचता यायचं नाही, पण थोड्या अंधाऱ्या कोपऱ्यात जरा बरं वाचता यायचं. हे उलटंच आहे, अशी शंका यायला हवी होती. मी मात्र गॉगलच्या काचा पुसायचो. त्यावर ओरखडे आलेत म्हणून नवा घ्यायचो. दोन वर्षांत तीन नवे गॉगल घेतले. त्या पैशांत डोळ्यांची तपासणी कितीतरी वेळा झाली असती.

९ जानेवारी : तपासणी

बायकोने वेळ घेतली होती, कारण मी घेणार नाही हे तिला माहीत होतं. पहिल्या भेटीला तीन तास हाताशी ठेवा. आधी अक्षरांचा तक्ता : उजवा डोळा ६/१८, डावा ६/१२. म्हणजे निरोगी डोळ्याला जी ओळ अठरा मीटरवरून वाचता येते, ती मला सहा मीटरवरून वाचावी लागत होती. मग तपासणाऱ्या मुलीने डोळ्याच्या बाजूला एक दिवा लावला आणि म्हणाली, “आता वाचा.” उजव्या डोळ्याने वरची दोन अक्षरं सोडून काही दिसेना. बंद खोलीत बरा वाटणारा डोळा झगझगीत उजेडात किती निकामी होतो, हे या दिव्याने कळतं. तक्रार उजेडाची असेल तर तसं आवर्जून सांगा. नुसत्या तक्त्यावर ती पूर्ण उतरत नाही.

नंतर बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स, आणि चाळीस मिनिटं डोळे मिटून बसणं. हे ड्रॉप्स घातल्यावर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, बरोबर कोणीतरी न्या. आणि हो, गॉगल न्या.

डॉक्टरबाईंनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर, हनुवटी टेकवायला लावली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “गॉगल घातल्यावर जास्त चांगलं दिसतं का?”

मी चमकलो. माझी ही थापेबाजी यांच्यापर्यंत कशी पोचली?

त्यांनी कागदावर डोळा काढला. बुबुळाच्या मागे आपलं नैसर्गिक भिंग असतं. मोतीबिंदूत ते गढूळ होतं. माझा गढूळपणा भिंगाच्या मागच्या पडद्याला चिकटून, अगदी मधोमध होता. कडक उजेडात बाहुली आक्रसते, म्हणजे आत जायचा सगळा प्रकाश नेमका त्या डागातूनच जातो. गॉगल घातला की डोळ्यापुढे अंधार होतो, बाहुली मोठी होते आणि प्रकाश डागाच्या कडेने आत शिरतो. म्हणून गॉगलमधून बरं दिसतं. “तुम्ही दोन वर्षं गॉगलने स्वतःची बाहुली मोठी करत होतात,” त्या म्हणाल्या. “आजचे ड्रॉप्स तेच काम करतात.”

जी गोष्ट मला दाखवायला हवी होती तीच झाकत होतो, आणि तीही ऐटीत.

वय ५४. इतक्या लवकर कसा, हा माझा पुढचा प्रश्न. त्यांनी औषधांची यादी विचारली. दम्यासाठी चार-पाच वर्षं अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या. या जातीच्या मोतीबिंदूमागे स्टेरॉइड हे ओळखीचं कारण आहे. ऊन, धूम्रपान, मधुमेह, वय यांचाही वाटा असतो. कुठल्या एकाच गोष्टीवर बोट ठेवायला त्या तयार नव्हत्या, आणि गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत असं दोनदा बजावलं. दम्याच्या डॉक्टरांना भेटून मग काय ते ठरवा, हे मी तुम्हालाही सांगतो. ‘पिकेपर्यंत थांबू का?’ असंही विचारलं. ते जुन्या काळचं, म्हणाल्या. आता रोजच्या कामात अडचण येऊ लागली की करतात. फार कडक होऊ दिला तर ऑपरेशन उलट अवघड जातं.

त्या रात्री झोप लागली नाही. मला भीती आंधळं होण्याची नव्हती. जागेपणी कोणीतरी डोळ्यात काहीतरी घालणार आणि मी डोळा मिटू शकणार नाही, याची होती.

१६ जानेवारी : मोजमाप, आणि कुठलं अंतर हवं?

डोळ्यात जे कृत्रिम भिंग बसतं त्याची ताकद आधी मोजून काढावी लागते. डोळ्याची लांबी, बुबुळाची वक्रता. यंत्रासमोर बसून लाल ठिपक्याकडे बघायचं, दुखत काही नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या किती दिवस आधी काढून ठेवायच्या ते विचारून घ्या, नाहीतर माप चुकतं. शिवाय प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन कधीही घेतलं असेल, अगदी पूर्वी घेऊन सोडलं असेल तरी सांगा. त्याने बाहुलीचा पडदा सैल पडतो आणि सर्जनला तशी तयारी करावी लागते. पुरुष मंडळी हे लाजून सांगत नाहीत, असं सिस्टर म्हणाल्या.

मग खरा प्रश्न आला. साधं भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दाखवतं, बाकीला चष्मा. मल्टिफोकल भिंग दूरचं, जवळचं दोन्ही दाखवतं, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक थोडा फिका पडतो. मी रात्री गाडी चालवतो आणि आयुष्यभर दिव्यांच्या तोंडावर बसलोय. वलयांचा मला पुरेसा अनुभव होता, मल्टिफोकल बाद. बाई म्हणाल्या, “मग तुम्हाला कुठलं अंतर लागतं ते ठरवून या.”

घरी येऊन ड्रमच्या स्टुलावर बसलो. बायकोने शिवणाची टेप आणली आणि माझ्या नाकापासून एकेक वस्तू मोजली. स्नेअर ६२ सेंटिमीटर. हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप करायची झांजांची जोडी, ७४. क्रॅश ८१. फ्लोअर टॉम ८६. बेसिस्ट जिथे उभा राहतो तिथे तिने एक खुर्ची ठेवली : अडीच मीटर. गाण्यांची यादी जमिनीवर चिकटवतो, ती सव्वा मीटर. वहीत लिहून घेतलं. “पंचवीस वर्षं संसार केला, पण तुझ्या नाकाचं माप आज घेतलं,” ती म्हणाली.

हा कागद बघून डॉक्टरबाई खूश झाल्या. बहुतेक लोक नुसतं ‘सगळं दिसू द्या’ म्हणतात म्हणे. त्यांनी सुचवलं की प्रबळ डोळा दूरच्यासाठी ठेवू आणि दुसरा मुद्दाम वजा सव्वावर. वजा १.२५ नंबर म्हणजे चष्म्याशिवाय साधारण ८० सेंटिमीटरवर स्पष्ट. म्हणजे माझा क्रॅश. प्रबळ डोळा कुठला ते घरीही कळतं : दोन्ही पंजे जोडून छोटी फट करा, तीतून लांबची एक वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. जो मिटल्यावर वस्तू नाहीशी होते तो प्रबळ. माझा उजवा. दोन डोळ्यांना दोन अंतरं हे सगळ्यांना मानवत नाही, म्हणून चाचणीच्या चष्म्यात तसे नंबर घालून मला अर्धा तास फिरवलं. पहिली पाच मिनिटं गरगरलं, मग विसरून गेलो. विसरून जाणं हीच पास झाल्याची खूण, असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला असं काही सुचवलं तर आधी करून बघायचा आग्रह धरा.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण माझे सगळ्यात जास्त दिवस यातच गेले. १७ जानेवारीला विमा कंपनीकडे पूर्वमंजुरीचा अर्ज गेला. १९ ला उलट प्रश्न : दमा कधीपासून? कारण रुग्णालयाच्या कागदावर ‘स्टेरॉइडमुळे’ असं लिहिलं होतं आणि पॉलिसी घेताना मी दमा जाहीर केला होता की नाही, हे त्यांना बघायचं होतं. केला होता. पण ते सिद्ध करायला पॉलिसीच्या मूळ अर्जाची प्रत आणि दम्याच्या डॉक्टरांचं तारखेनिशी पत्र लागलं. पत्र मिळायला तीन दिवस, कारण डॉक्टर बाहेरगावी. २३ ला कागद दिले, २७ ला मंजुरी आली. तीही पूर्ण नाही. माझ्या पॉलिसीत मोतीबिंदूला एका डोळ्यामागे ठरावीक मर्यादा आहे, म्हणून खर्चाचा साधारण दोन तृतीयांश भाग मंजूर झाला आणि बाकीचा खिशातून गेला. भिंग जितकं महाग निवडाल तितका हा खिशातला भाग वाढतो. विम्याची मर्यादा काही भिंगाबरोबर वाढत नाही. पॉलिसीचा मूळ अर्ज आणि जुन्या आजाराची पहिली चिठ्ठी जपून ठेवली असती तर आठवडा वाचला असता. आणि दोन डोळ्यांसाठी दोन वेगळे अर्ज लागतात. पहिल्याची मंजुरी दुसऱ्याला चालत नाही.

फॉर्मच्या रांगेत वेळ घालवायला फोनवर या ऑपरेशनचा इतिहास वाचला. हॅरॉल्ड रिडली नावाचे ब्रिटिश डॉक्टर महायुद्धातल्या वैमानिकांचे डोळे तपासत. विमानाच्या छताचं पर्स्पेक्स फुटून त्याच्या कपच्या काहींच्या डोळ्यात रुतलेल्या असत, पण डोळा त्या निमूट सहन करायचा. त्यावरून त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करून २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिल्यांदा बसवलं. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाउंडने मोतीबिंदूचा भुगा करून शोषून घ्यायची पद्धत आणली. त्यांना ती कल्पना दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत, दात साफ करायच्या कंपनांच्या उपकरणावरून सुचली. हे केलमन जॅझमध्ये सॅक्सोफोनही वाजवत. हे वाचल्यावर माझी भीती अर्ध्यावर आली. तर्काला काही अर्थ नाही, पण आली.

६ फेब्रुवारी : उजवा डोळा

रक्तातली साखर, रक्तदाब, ईसीजी आणि फिजिशियनचं ‘फिट’ असं पत्र आधीच झालं होतं. त्या दिवशी सकाळी साडेसातला हजर, प्रत्यक्ष नंबर पावणेअकराला. दर दहा मिनिटांनी एक सिस्टर येऊन ड्रॉप्स घालायची. दर वेळी नाव आणि ‘कुठला डोळा?’ विचारायची. चौथ्या वेळी मी वैतागलो, तेव्हा म्हणाली, “काका, कंटाळा येऊ दे, पण चूक नको.” भुवईवर पेनाने बाणही काढला. पुढच्या प्रत्येक विचारण्याला मी घडाघडा उत्तरं दिली.

आत थंडी असते, पायात मोजे घाला. चेहऱ्यावर प्लास्टिकचा चिकट पडदा लावतात, फक्त एक डोळा उघडा. पापण्या धरायला छोटा चिमटा असतो, म्हणून डोळा मिटायची जबाबदारी तुमच्याकडे राहत नाही. माझी जी मोठी भीती होती तिचं उत्तर इतकं सोपं होतं, आणि ते कोणी आधी सांगितलं नव्हतं. बधिर करायला फक्त ड्रॉप्स. दुखलं नाही. गार पाणी वाहतंय असं वाटलं, मध्येच दाबल्यासारखं. दिसलं काय, तर प्रखर पांढरे दिवे, मग ते विरघळून गुलाबी-निळे झाले. सुरीबिरी काही दिसत नाही.

पण ऐकू सगळं येतं. यंत्राला आवाज आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शोषण वाढलं की सूर वर चढतो, अल्ट्रासाउंड चालू झाला की त्यावर दुसरा घरघरता सूर बसतो. वर, खाली, थांब. वर, वर, थांब. मी मोजायला लागलो. चार-चारांत बसत नव्हतं, सातांत बसलं.

“पाय कोण हलवतंय?” डॉक्टरबाई म्हणाल्या.

चादरीखाली माझा उजवा पाय बेस ड्रमचं पेडल दाबत होता. मला पत्ताच नव्हता. सिस्टरने नडगीवर हात ठेवला आणि शेवटपर्यंत काढला नाही.

“इथे माझे दोन्ही पाय पेडलवर आहेत,” बाई म्हणाल्या, आवाजात राग नव्हता. “तुमचा एक तेवढा स्वस्थ ठेवा. पायाने डोकं हलतं.”

पुढच्या तपासणीत मी त्यांना त्या पेडलांबद्दल विचारलंच. एका पायाखाली सूक्ष्मदर्शकाचं, दुसऱ्याखाली यंत्राचं. यंत्राचं पेडल टप्प्याटप्प्याने दबतं : पहिल्या टप्प्यावर पाणी, दुसऱ्यावर शोषण, तिसऱ्यावर अल्ट्रासाउंड. किती दाबायचं ते घोट्याच्या अंदाजाने. हाय-हॅट अर्धी उघडी ठेवायला आम्ही जे वर्षानुवर्षं घोटतो, अगदी तेच. ही बाई माझ्यापेक्षा चांगली ड्रमर आहे, असं माझं प्रामाणिक मत झालं.

वीसेक मिनिटांत संपलं. छेद तीन मिलिमीटरपेक्षा लहान, भिंग घडी घालून आत सोडतात, तिथे ते उलगडतं. टाका नाही. डोळ्यावर कवच चिकटवलं, तास-दीड तास बसवलं आणि घरी.

निघताना एक पिशवी दिली : ड्रॉप्स, वेळापत्रक, डिस्चार्जचा कागद आणि एक काळा चष्मा. हो, तोच. आजोबांचा मोतीबिंदू झाल्यावर घरात जो फिरायचा तो, जाड, चौकोनी, बाजूंनीही बंद, हलका प्लास्टिकचा. अकरा किंवा तेरा गॉगलांच्या मालकाला. बायकोने फोटो काढून बँडच्या ग्रुपवर टाकला. गिटारिस्टने लिहिलं, ‘आत्ता कुठे तुला शोभेलसा सापडला.’

डिस्चार्जच्या कागदावर एक स्टिकर असतं, त्यावर भिंगाची जात, ताकद आणि क्रमांक. माझं +२१.५. त्याचा फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका. विम्याला झेरॉक्स द्या, मूळ आपल्याकडे राहू द्या. पुढे कधी कुठला डॉक्टर विचारेल तेव्हा दुसरा पुरावा नसतो.

मधले पाच आठवडे

दुसऱ्या दिवशी कवच काढलं तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती भिंत. पांढरी. आमची भिंत फिकट पिवळी आहे अशी माझी समजूत होती. डावा डोळा मिटून बघितलं तर पांढरी, उजवा मिटून बघितलं तर चहाचा हात फिरवल्यासारखी. दिवसभर हाच खेळ. कपाटातला स्टेजवरचा ‘क्रीम’ शर्टही पांढरा निघाला. निळा रंग तर अंगावर येत होता. मग लक्षात आलं की निळ्या काचांचा गॉगल मी बँडच्या काळात किती भडक घालायचो.

नियम असे होते : डोळा चोळायचा नाही, दहा दिवस डोक्यावरून पाणी नाही, झोपताना कवच, जड उचलायचं नाही. ड्रम उचलून न्यायचे नाहीत हे समजलं, वाजवायचे का नाहीत हे विचारलं. “घाम येतो ना? तो डोळ्यात जातो,” बाई म्हणाल्या. महिनाभर बंद. डिसेंबरात व्हायचा तो कार्यक्रम आम्ही आधीच पुढे ढकलला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. मी रबराच्या पॅडवर, मान न हलवता, एका हाताने वाजवत बसायचो.

ड्रॉप्सचं वेळापत्रक सुरुवातीला डोक्यावरून जातं. दोन बाटल्या, एक दिवसातून सहा वेळा, दुसरी चार वेळा, दर आठवड्याला एक-एक कमी, दोन ड्रॉप्समध्ये पाच मिनिटांचं अंतर. मी फोनवर गजर लावले आणि प्रत्येकाला वेगळा ठेका दिला. तुम्ही नुसती नावं दिली तरी चालेल. यातलं एक औषध स्टेरॉइडचंच असतं. माझा इतिहास बघता डोळ्याचा दाब दर भेटीत मोजला. एका भेटीत तो थोडा वाढलेला निघाला, औषध बदललं, उतरला. म्हणून सांगतो, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून फेरतपासणी चुकवू नका. दाब वाढलेला आपल्याला कळत नाही.

या आठवड्यांत सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर दोन डोळ्यांच्या भांडणाचा. एक लख्ख, एक गढूळ. जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकायचा. कठडा धरून चालायचो.

१२ मार्च : डावा डोळा

हा परिच्छेद छोटा. सगळं तेच, फक्त या वेळी भीती जास्त वाटली, कारण आता काय होणार ते माहीत होतं. दुसऱ्या खेपेला असं अनेकांना वाटतं, असं सिस्टर म्हणाल्या. वेळही जास्त लागल्यासारखा वाटला, घड्याळात दोन मिनिटांचा फरक होता. भिंग +२३. पाय स्वतःहून दाबून धरला होता. आवाज या वेळी पाचांत बसला.

गॉगल, पुन्हा

चष्म्याचा अंतिम नंबर डोळा स्थिरावल्यावरच काढतात. माझा २० एप्रिलला निघाला : उजवा जवळजवळ शून्य, त्यात थोडा सिलिंडर (तिरपा नंबर), डावा वजा एक. वाचायला चष्मा लागतो. ड्रमवर काही लागत नाही. गाडीसाठी मात्र डाव्याला नंबर हवा, म्हणजे नंबरचा गॉगल आला. मी आनंदाने सगळे गॉगल पिशवीत भरून चष्म्याच्या दुकानात गेलो.

दुकानदाराकडे अतिनील किरण मोजायचं छोटं यंत्र होतं. एकेक गॉगल त्यात धरला. आरशासारखा पास, एव्हिएटर पास, माझा लाडका निळा नापास. रुग्णालयाचा फुकटचा काळा चष्मा पास. काच किती काळी आहे यावरून आत काय येतं ते कळत नाही. उलट काळी काच बाहुली मोठी करते आणि गाळणी नसेल तर अतिनील किरणांना मोठं दार उघडून देते. ४०० नॅनोमीटरपर्यंत अडवणारा घ्यावा. आताच्या बहुतेक कृत्रिम भिंगांत ती गाळणी असते, तरी पापण्या आणि बुबुळ उरतंच की.

काळेपणाला वेगळे आकडे असतात, ० ते ४. दिवसाच्या उन्हाला ३ पुरतो, त्यातून ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो. ४ नंबरचा बर्फावर, उंच डोंगरात. तो घालून गाडी चालवायची नाही. दांडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात हा आकडा असतो, शेजारी फ्रेमची मापंही. माझ्या आरशाच्या गॉगलवर तो ४ निघाला आणि तो घालून मी वर्षभर गाडी चालवली होती. पोलराइज्ड काच ओल्या रस्त्याची चकाकी छान मारते, पण फोन आडवा धरला की पडदा काळा पडू शकतो. गाडीच्या पडद्यावरही बघून घ्या.

माझी लाडकी फ्रेम चेहऱ्याला वळसा घालणारी होती. तशा वक्र फ्रेममध्ये नंबरची काच बसवली तर कडेला वाकडं दिसू शकतं. दुकानदाराने सपाट फ्रेम सुचवली, मी हट्ट धरला. चार मेला गॉगल आला. घातला आणि रस्ता उजवीकडे उतरला. तीन दिवस ‘सवय होईल’ म्हणून वागवला. मग परत नेला, तर दोन बाहुल्यांमधलं अंतर चुकीचं उतरवलं होतं : ६३ ऐवजी ६८. चूक त्यांची, हट्ट माझा. बदलून दिला, सपाट फ्रेममध्ये, १७ मेला. काचांचा खर्च फ्रेमच्या दुप्पट झाला. तुमचं हे अंतर चिठ्ठीवर लिहून घ्या, ते मागितलं तर देतात. नव्या चष्म्यात तीन दिवसांनंतरही जमीन तिरकी असेल तर सवयीची वाट बघू नका.

जून

पहिली तालीम. मी गॉगल न घालता बसलो. सगळ्यांना माझा चेहरा नवीन होता आणि मला सगळ्यांचे. गिटारिस्टचे केस इतके पांढरे झालेत हे कोणी बोललं नव्हतं. क्रॅशवरचे हातोडीचे बारीक खड्डे दिसत होते, कडेला एक तडाही, जो कधीपासून आहे देव जाणे. गाणं सुरू झालं. ती थांबायची जागा आली. दोन मात्रा शांतता. बेसिस्टने भुवया उचलल्या, आणि त्याआधी, श्वास घेताना, नाक असं काही फेंदारलं की मला हसू फुटलं. पंधरा वर्षं हा माणूस माझ्याकडे बघून हे नाक करत होता. मी एक मात्रा आधीच क्रॅश मारला.

“अरे!” तो म्हणाला. “गॉगल घाल परत.”